गौसू मिस्त्रींची भिंत

गौसू मिस्त्रींना काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "बगून सांगतो." भिंतीला किती विटा लागतील, पाऊस कधी उघडेल, अमक्याच्या मुलीसाठी आलेलं स्थळ कसं आहे, सगळ्याला हेच. एकदा शाळेच्या शिपायानं त्यांना चहा घेणार का म्हणून विचारलं. तेव्हाही ते "बगून सांगतो" म्हणाले आणि खरंच उठून किटलीत डोकावून आले. दूध कमी होतं. नको म्हणाले.

मी तेव्हा कसबा बावड्यातल्या एका शाळेत शास्त्र शिकवत होतो. मूळचा साताऱ्याकडचा, नोकरीसाठी इकडे आलेला. सत्तरच्या आसपासची गोष्ट. शाळा रस्त्याला लागून होती आणि हंगामात त्या रस्त्यानं दिवसभर उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडे जात. मुलं वर्गातून पळून जाऊन मागच्या मागे ऊस ओढत, गाडीवान ओरडत. त्या रस्त्याकडची शाळेची जुनी भिंत एका पावसाळ्यात बसली. ती पुन्हा बांधायला हेडसरांनी मिस्त्रींना बोलावलं, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

बेताची उंची, काटक अंग, डोक्याला टॉवेल, कानावर पेन्सिलीचं थोटूक. वय पन्नाशीच्या अलीकडे. तीस वर्षं सिमेंट आणि चुना कालवून त्यांच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की कागदावर अंगठ्याचा ठसा उठत नसे. कुठल्याशा कचेरीत कारकुनानं त्यांचा अंगठा तीनदा शाईत बुडवला आणि तिन्ही वेळा नुसता डाग उमटला, असं ते सांगत. "त्यो म्हणला, तुमी हाय का न्हाय हेच कळंना झालंय." हे सांगताना ते हसत नसत. ऐकणारे हसत.

भिंत उत्तम झाली. आठ दिवस पांढरी स्वच्छ राहिली. मग येणारे जाणारे तिच्याकडे तोंड करून उभे राहू लागले. हेडसरांनी मोठ्या अक्षरांत सूचना लिहून घेतली, तर नेमके त्या अक्षरांखालीच ओघळ दिसू लागले. हेडसर वैतागले आणि त्यांनी मिस्त्रींना पुन्हा बोलावलं. शहरात लोक करतात तसं देवांची चित्रं असलेल्या फरश्या बसवाव्यात, असं त्यांच्या मनात होतं.

मिस्त्री थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सर, देवास्नी असल्या राखणीला बसवू नका. त्येंनी काय गुना केलाय?"

"मग काय करू, तुम्हीच सांगा."

"बगून सांगतो."

चौथ्या दिवशी ते आले ते पाठीवर पोतं घेऊन. पोत्यात फुटक्या कपबश्या होत्या. बावड्यापासून मार्केट यार्डापर्यंतच्या चहाच्या हॉटेलांतून त्यांनी गोळा केल्या होत्या. सगळ्यांत घाण जागा होती तिथला गिलावा त्यांनी खरवडला, नवा थापला, आणि ओल्या गिलाव्यात एकेक तुकडा दाबत दुपारपर्यंत एक फूलपाखरू उठवलं. हातभर रुंद, पिवळं, पंखांच्या कडेला काळी रेघ. शेजारी तेरड्याचं झाड, गुलाबी तुकड्यांचं. गौरीच्या सणाला नदीकाठावरून बायका जो तेरडा आणतात, तोच. संध्याकाळी शेतावरून परतणाऱ्या बायका तिथं थांबल्या. त्यांतली एक म्हणाली, "आगं, ही तर गवर की." लोक त्या जागी पुढेही थांबत राहिले, पण पूर्वीच्या कामासाठी कोणी उभं राहिलं नाही.

खरं तर काम तेवढंच होतं. पण हेडसर खूश झाले आणि म्हणाले की उरलेल्या भिंतीवरही करा. गुलाब करा, कमळ करा, मधे एखादा राजहंस. सिमेंट शाळा देईल. मिस्त्री म्हणाले, "करतो. पर गुलाब न्हाय करायचा."

"का हो?"

"हितला न्हाय त्यो. कुंडीतला हाय. हितं आपसूक उगवतंय त्येच करतो."

"आणि कमळ? आपलं राष्ट्रीय फूल आहे ते."

"कमळ पाण्यात असतंय सर. ही भिंत हाय."

हेडसरांनी माझ्याकडे बघितलं. मी शास्त्राचा शिक्षक म्हणून मिस्त्रींची बाजू घेतली, एवढाच त्या भिंतीत माझा वाटा.

पुढची पाच-सहा वर्षं ते काम चाललं होतं. पावसाळ्यात गवंडीकाम बंद असतं, तेव्हा मिस्त्री बघायला जात; हिवाळ्यात, इतर कामं सांभाळून, बघितलेलं भिंतीवर लावत. श्रावण-भाद्रपदात एसटीनं पन्हाळ्याला जायचं आणि तिथून पायी मसाईच्या पठारावर. एकदा मी बरोबर गेलो होतो. सगळं पठार पिवळ्या सोनकीनं आणि सीतेची आसवं म्हणतात त्या निळ्या फुलांनी भरलेलं. मला वाटलं होतं, मिस्त्री काही चित्र काढून घेतील, रेखाटतील. त्यांच्याजवळ कागद नव्हता. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन ते एका कळलावीच्या वेलासमोर उकिडवे बसले ते तासभर उठले नाहीत. मी भिजून कंटाळलो. शेवटी विचारलं, "मिस्त्री, एवढं काय बघताय?"

"मास्तर, ह्याची पाकळी खालनं वर वळतीया. आन् पानाचं टोक बगा, त्येनं शेजारच्या गवताला धरलंय. मी आजवर म्हणत होतो, ह्यो येल हाय म्हणून आपला चढतोय. त्यो बोटानं धरून चढतोय."

मी वनस्पतिशास्त्रात पास झालो होतो. ते पान पुस्तकात पाहिलेलं होतं, वेलावर पाहिलेलं नव्हतं.

फुलांची नावं त्यांना गावाकडून ठाऊक होती. फुलपाखरांना मात्र नावं नव्हती, सगळी आपली फुलपाखरंच. मग त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ती ठेवली. पहिलं पिवळं ते हळद्या. पंखांवर डोळे असलेली ती डोळेवाली. पांढऱ्या पंखांना खालून पिवळा आणि लाल काठ असलेलं एक होतं, त्याला ते इरकली म्हणत, कारण त्यांच्या बायकोच्या माहेरी, सीमेकडच्या गावात, बायका तशा काठाची लुगडी नेसत. नारिंगी पंखांना काळी किनार असलेला तो वाघ्या. मुलांनी ही नावं उचलली. पुढं मी इंग्रजी नावांचं एक पुस्तक मिळवलं आणि फळ्यावर लिहून दिली, पण परीक्षेतसुद्धा निम्म्या मुलांनी हळद्या आणि वाघ्याच लिहिलं. मी मार्क दिले.

वाघ्यावरून आमचा एक वाद झाला. माझ्या मनात तो राहिला आहे, कारण त्यात मी हरलो आणि जिंकलोही.

भिंतीच्या पायाशी रुईची झाडं उगवली होती. वाघ्या त्यांच्यावर अंडी घाली, म्हणून मिस्त्री ती कोणाला तोडू देत नसत. भिंतीवर त्यांनी रुईच्या फुलावर बसलेला एक वाघ्या केला, पंख मिटलेला, बाजूनं दिसणारा. फार सुंदर उतरला होता. मी जवळ जाऊन पाय मोजले. चार होते.

"मिस्त्री, कीटकाला सहा पाय असतात."

"मी चार मोजलं."

"सहाच असतात. सातवीच्या पुस्तकात आहे. पोरं बघतात ही भिंत, त्यांना चुकीचं कळेल."

ते वाद घालत बसले नाहीत. म्हणाले, "चला, बगू." आम्ही रुईपाशी गेलो. उन्हं कोवळी होती, वाघ्या थंडीनं गारठून पानावर बसला होता. मी डोकं खाली घालून मोजले. एका बाजूचे दोन, दुसऱ्या बाजूचे दोन. दुसरा शोधला, तिसरा शोधला. सगळे चार पायांवर उभे. मी वर्गात गेलो आणि त्या दिवशीचा कीटकांचा धडा पुढं ढकलला.

आठवड्याभरानं शाळेच्या व्हरांड्यात एक मेलेला वाघ्या सापडला. मी तो भिंगाखाली धरला. छातीपाशी, मानेच्या जरा खाली, दोन अगदी बारीक पाय अंगाशी घडी घालून चिकटवलेले होते. केसांच्या ब्रशासारखे. चालायला ते उपयोगाचे नव्हते. मी मिस्त्रींना बोलावणं पाठवलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, एक डोळा मिटला, आणि बराच वेळ तसेच राहिले.

"हायत," ते म्हणाले. "मिटून घेटल्यात."

"म्हणजे दोघांचंही बरोबर," मी म्हणालो.

"न्हाय. तुमचं बरोबर. मला दिसलं न्हाईत, ते माझं कमी."

मला वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत येताना पाहिलं, तर मिस्त्री भिंतीशी बसून पकडीनं बशीच्या तुकड्याच्या चिरफळ्या काढत होते. त्यांनी वाघ्याच्या मानेखाली गिलावा सुईएवढा कोरला आणि दोन कपच्या घडी घालून बसवल्या. रस्त्यावरून त्या दिसत नसत. भिंतीला नाक लावलं तर दिसत.

त्यांच्या बायकोचं नाव जैबुन्निसा, लोक जैबूभाभी म्हणत. अंगानं आडव्या, आवाज मोठा. घराच्या पडवीत त्या फुटक्या कपबश्या रंगाप्रमाणे वेगळ्या करत आणि तोंडानं नवऱ्याला बोलत. "ह्या माणसानं घरात एक कप धडका ठेवला न्हाय मास्तर, पावण्यांस्नी पेल्यात चा देती मी." हे खरं नव्हतं. मिस्त्री धड कप कधी फोडत नसत. कारखान्यातल्या एका अधिकाऱ्यानं कौतुकानं नव्या कपबश्यांचं खोकं पाठवलं होतं, तेही त्यांनी परत केलं. म्हणाले, "फुटल्यालं आसंल तर द्या. धडकं फोडायला हात उचलत न्हाय."

अडलं ते निळ्या रंगापाशी. एक मोठं काळं फूलपाखरू असतं, मागच्या पंखावर निळ्याचा असा पट्टा की उडताना आरशाचा कवडसा हलल्यासारखा वाटतो. लिंबाच्या बागेत ते येतं. मिस्त्रींना ते भिंतीच्या मधोमध करायचं होतं. हॉटेलांच्या कपबश्यांत तसला निळा नव्हता. दोन हिवाळे ती जागा रिकामी राहिली.

मग राजारामपुरीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मिस्त्री काही दुरुस्तीला गेले असताना त्यांना खिडकीत निळ्या काचेच्या बाटल्या दिसल्या. पोटाच्या औषधाच्या. डॉक्टर रसिक होते, त्यांनी बावड्याची भिंत पाहिलेली होती. म्हणाले, "सगळ्या बाटल्या न्या. पण असलंच एक माझ्या दिवाणखान्यात करून द्यायचं. सोफ्याच्या मागं."

मिस्त्री म्हणाले, "घरात नगं, डॉक्टरसाब."

"का?"

"घरात शिरल्यालं फूलपाखरू काचंवर आपटून मरतंय. बायेर करतो."

डॉक्टरांना ते आवडलं नाही. बाहेरच्या भिंतीवर केलं तर ते त्यांचं कसं राहणार, असं ते म्हणाले. मिस्त्रींनी बाटल्या न घेता काम संपवलं आणि निघून आले. पंधरा दिवसांनी डॉक्टरांचा कंपाउंडर सायकलवर पोतं बांधून बावड्यात हजर. बाटल्या होत्या, चिठ्ठी नव्हती. मिस्त्रींनी आधी शाळेचं फूलपाखरू केलं. मग उरलेली निळी काच घेऊन ते राजारामपुरीत गेले आणि दवाखान्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर, जिथं पेशंट ताटकळत उभे असत, तिथं एक लहान केलं. डॉक्टर बाहेर येऊन बघत राहिले, असं कंपाउंडर सांगत होता.

या सगळ्यात भिंतीला नाव पडलं. सिटी बसचा कंडक्टर "फूलपाखरू, फूलपाखरू कोण हाय" म्हणून घंटी मारी आणि शाळेच्या दारात माणसं उतरत. गाडीवान बैल थांबवून बघत. एका निवडणुकीत कोणीतरी त्यावर चुना फासून घोषणा लिहिल्या. मिस्त्री ओलं फडकं घेऊन आले आणि पुसत राहिले. चिनी मातीवर चुना धरत नाही.

ऐंशी साल उलटल्यावर रस्ता रुंद करायचं ठरलं. उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक वाढले होते, दोन गाड्या समोरासमोर आल्या की तासभर खोळंबा होई. शाळेची भिंत दहा फूट मागे घ्यायची होती. गावात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं मोर्चा काढू, कोणी म्हणालं भिंत कापून उचलून नेता येते. शाळेत बांधकाम खात्याचे साहेब मोजणीला आले, तेव्हा हेडसरांनी मिस्त्रींना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांनी विनंती केली तर साहेबांचं मन द्रवेल, असा हिशेब.

मिस्त्री टॉवेल काढून हातात घेऊन उभे राहिले. साहेब चांगले होते. म्हणाले, "मिस्त्री, तुमचं काम मी पाहिलं. वाईट वाटतंय. पण माझ्या हातात काही नाही."

"भितीचं काय न्हाय सायेब," मिस्त्री म्हणाले. "रस्ता पायजेच. मागं गाडीखाली एक बाई सापडली, मी बगिटलंय. भितीचं जाऊ द्या. पर पायाला रुई हाय, तिच्यावर अळ्या हायत. तीन आठवडं थांबला तर त्या उडून जात्याल."

साहेबांना आधी कळलं नाही. मी समजावून सांगितलं. ते हसले, पण वाईट हेतूनं नाही. "तीन आठवडे मी थांबलो तर मला वर उत्तर द्यावं लागेल. काय लिहू, अळ्या होत्या म्हणून थांबलो?"

मिस्त्री म्हणाले, "व्हय की. तसंच लिवा."

साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. मधे एक रविवार होता.

त्या रविवारी मिस्त्रींनी, जैबूभाभींनी आणि मी रुईच्या पानांसकट अळ्या गोळा केल्या. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, कणसातल्या दाण्यांसारख्या गुबगुबीत. जैबूभाभींना सुरुवातीला किळस आली, मग त्या सगळ्यांत भराभर वेचू लागल्या. शास्त्राच्या खोलीत टेबलं मांडून आम्ही त्या काचेच्या बरण्यांत ठेवल्या. चाळीसच्या वर होत्या. मिस्त्रींनी एकच सांगितलं, "मास्तर, खिडक्या उगड्या ठेवा."

सोमवारी मजूर आले. मिस्त्री सकाळपासून तिथं होते. लोकांना वाटलं आता हे काहीतरी करतील, भिंतीला टेकून बसतील. त्यांनी मजुरांच्या मुकादमाला बोलावलं आणि भिंतीच्या एका टोकाकडे हात केला. "तिकडनं धरा. मधनं पहार घातली तर अंगावर येईल. मी बांधलीया, मला म्हाईत हाय." मग दुपारपर्यंत ते उभे राहून कुठं घाव घालायचा ते सांगत राहिले. कोणाला खरचटलंही नाही. वर्गात पहारीचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजाला मुलं खिडकीकडे बघत होती. मी शिकवणं बंद केलं. शेवटी निळं फूलपाखरू पडलं तेव्हा बाहेर रस्त्यावर माणसं जमली होती. मिस्त्रींनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि ते मुकादमाला म्हणाले, "पाया खोल हाय. उद्या चार माणसं जास्त लावा."

ढिगारा रस्त्याच्याच भरावात गेला. नवी भिंत कंत्राटदारानं बांधली. साधी, पिवळ्या रंगाची.

मिस्त्री मात्र त्यानंतर रोज सकाळी शाळेत येत. ओढ्याकाठची रुईची ताजी पानं आणून बरण्यांत घालत. अळ्यांचे कोश झाले, हिरवट, सोनेरी ठिपक्यांचे. मग एका सकाळी, आठवीचा तास चालू असताना, पहिला वाघ्या बाहेर आला. ओले पंख लोंबत ठेवून बरणीच्या कडेला लटकला. त्याच्यामागून दुसरा, तिसरा. पोरं बाकांवर उभी राहिली तरी मी रागावलो नाही. मिस्त्री दाराशी चपला काढून उभे होते. पंख वाळायला दोनेक तास लागले. एकेक करून ते खिडकीतून गेले. शेवटचा गेल्यावर मिस्त्रींनी रिकाम्या बरण्या नळाखाली धुतल्या, उपड्या घातल्या आणि चपला घालून निघून गेले.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. मिस्त्री हुपरीला मुलीकडे राहायला गेल्याचं कळलं. एकदा पत्र टाकावं असं मनात आलं होतं, पण त्यांना वाचून दाखवणारं कोण असेल याचा विचार करत राहिलो आणि राहून गेलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते चार-पाच वर्षांनी. भाद्रपद होता. मी घरच्या माणसांबरोबर पन्हाळ्याला चाललो होतो. घाटात एसटीचं इंजिन तापलं म्हणून ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि कंडक्टर पाणी आणायला गेला. नुकतीच उघडीप झाली होती. मी खिडकीतून सहज वर बघितलं, तर रस्त्याच्या वरच्या उतारावर एक म्हातारा बसलेला. पाठ वाकलेली, डोळ्यांना जाड चष्मा. ओळखायला वेळ लागला. एकटेच होते. उजवा हात त्यांनी गुडघ्यावर उताणा टेकवला होता आणि मान खाली घालून ते तळहाताकडे बघत होते. तळहातावर काहीतरी बसलं असावं. बसमधून ते मला दिसलं नाही.

हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्या अंतरावरून हाक नक्की पोचली असती, आणि ते उठून खाली आलेही असते. पण हाक ऐकली की माणूस हात हलवतो. मी गप्प बसलो.

कंडक्टरनं पाणी ओतलं, ड्रायव्हरनं गाडी चालू केली. बसच्या आवाजानंही त्यांनी वर बघितलं नाही. वळण येईपर्यंत ते दिसत होते. हात तसाच होता.